आई ड्रग ट्रायलमध्ये होती तेव्हा

गेल्या काही महिन्यांत ओळखीतल्या बऱ्याच जणांनी फोन करून मला एकच विचारलं, "डॉक्टर ट्रायलमध्ये नाव घालू म्हणतायत, घालू द्यावं का?" दर वेळी पहिल्यापासून सांगत बसण्यापेक्षा एकदा सविस्तर लिहून ठेवते. घालावं की नाही ते मी सांगणार नाही, तो ज्याचा त्याचा आणि त्याच्या डॉक्टरचा प्रश्न. आत शिरल्यावर काय होतं, कुठे खोळंबा होतो आणि कोणता कागद मागून घ्यायचा, एवढंच लिहिते. रुग्णालयाचं आणि औषधाचं नाव देत नाही, कारण इतर केंद्रांवर ट्रायल अजून चालू आहे.

आईचं वय सदुसष्ट. निवृत्त शिक्षिका, सगळं आयुष्य इंदुरात गेलं. २०१९ मध्ये तिला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचं कळलं. हा म्हातारपणी गुडघे झिजून होणारा संधिवात नव्हे. यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उलटते. सकाळी उठल्यावर तास-दीड तास तिची बोटं मिटत नसत आणि कपाचा कान धरता येत नसे. मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या चालू होत्या. (ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते, चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. आमच्या कॅलेंडरवर दर रविवारी लाल गोल असतो, तो त्यासाठी.) दोन वर्षं बरी गेली, मग गोळ्या पुरेनाशा झाल्या.

नोव्हेंबर २०२३ मध्ये डॉक्टर म्हणाले की आता बायोलॉजिक (जिवंत पेशींपासून बनवलेलं) इंजेक्शन सुरू करावं लागेल. आमच्यासाठी खर्च महिन्याला वीस हजारांच्या आसपास जात होता, आणि तो किती महिने करायचा याला उत्तर नव्हतं. आईचं पेन्शन आणि माझा बँकेतला पगार मिळून ते ओढता आलं असतं, पण ओढावंच लागलं असतं. तेव्हाच त्यांनी ट्रायलचा विषय काढला. एका मूळ औषधाचं पेटंट संपलंय, दुसरी कंपनी तसंच औषध बनवतेय, आणि ते मूळच्या तोडीचं आहे का हे तपासायचंय. अशा औषधाला बायोसिमिलर म्हणतात. हे औषध म्हणजे जिवंत पेशींमध्ये तयार होणारं प्रथिन असतं, त्यामुळे साध्या गोळीच्या जेनेरिकसारखं रसायन जुळलं की झालं, असं इथे चालत नाही. माणसांवर तुलना करून दाखवावी लागते.

मी पहिला प्रश्न विचारला, "यात प्लासिबो आहे का?" नव्हता. एका गटाला मूळ औषध, दुसऱ्या गटाला नवं, आणि मेथोट्रेक्सेट दोघांनाही चालूच. औषधाचा अंश नसलेलं इंजेक्शन कुणालाच मिळणार नव्हतं. तुमच्या ट्रायलमध्ये प्लासिबो असेलही, तेव्हा हे पहिल्याच भेटीत विचारून घ्या.

घरी सांगितलं तर मामा उसळला. "इंदुरात राहून ट्रायल? विसरलात सगळं?" विसरलेलं कुणीच नव्हतं. २०१०च्या सुमाराला इथल्या सरकारी रुग्णालयांतल्या औषध-चाचण्यांवरून केवढा गदारोळ झाला होता. रुग्णांना आपल्यावर चाचणी चालू आहे हेच धड सांगितलं नाही, असे आरोप होते आणि रोज पेपरात बातम्या येत होत्या. पुढे इंदूरच्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. त्यानंतर २०१३ मध्ये नियमांची झड लागली: ट्रायलमुळे इजा झाली तर भरपाई, एथिक्स कमिटीची (रुग्णांचं हित बघून ट्रायलला मंजुरी देणाऱ्या समितीची) नोंदणी सक्तीची, संमती घेताना ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग. २०१९च्या न्यू ड्रग्ज अँड क्लिनिकल ट्रायल्स रूल्समध्ये हे सगळं एका जागी आलं. मामाला मी एवढंच म्हटलं की पूर्वी जे कागद मिळत नव्हते ते आता मिळतात, आपण ते वाचू आणि मग ठरवू. तो म्हणाला, "वाच. तुला तेवढंच येतं." (बँकेत बारा वर्षं काढलेल्या माणसाला हा टोमणा लागत नाही.)

कागदांआधी मी सीटीआरआय उघडलं. ही देशातल्या क्लिनिकल ट्रायल्सची सरकारी नोंदवही आहे, ऑनलाइन आणि फुकट. २००७ मध्ये सुरू झाली, आणि १५ जून २००९ पासून औषध नियंत्रकांच्या परवानगीच्या ट्रायल्सना तिथे नोंद करणं सक्तीचं झालं. डॉक्टरांकडून नोंदणी क्रमांक मागितला, तो त्यांनी लगेच लिहून दिला. पानावर ट्रायल कोण करतंय, किती केंद्रं आहेत, कुठल्या रुग्णांना घेणार आणि कुणाला नाही, प्रत्येक केंद्राच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आली की नाही, सगळं असतं. आमच्या केंद्रासमोर मंजुरीची नोंद होती. कुणी क्रमांक द्यायला टाळाटाळ केली तर मी तरी तिथूनच उठून आले असते.

मग माहितीपत्रक आणि संमतीपत्र. वीसच्या वर पानं. केंद्रात हिंदी आणि इंग्रजी प्रती होत्या. आईला हिंदी उत्तम येतं, पण म्हणाली, सही माझी आहे तर मी मराठीत वाचीन. स्टडी कोऑर्डिनेटर हा पंचविशीतला मुलगा, त्याने डोकं खाजवलं आणि कंपनीला विचारलं. महाराष्ट्रातल्या केंद्रांसाठी मराठी प्रत तयारच होती. पण इथल्या कमिटीने मंजूर केल्याशिवाय ती आईच्या हातात देता येत नव्हती, आणि कमिटीची बैठक महिन्यातून एकदा. डिसेंबरची बैठक होऊन गेलेली, म्हणजे जानेवारी. हा उशीर आम्हाला परवडणारा होता. ज्यांचं दुखणं थांबणारं नाही त्यांनी पहिल्याच दिवशी भाषेचं बोलून घ्यावं.

त्या रिकाम्या महिन्यात मी पत्रकाची हिंदी प्रत घरी आणून वाचली. घरी न्यायला देतात, द्यायलाच हवी. पेन्सिलीने प्रश्न लिहिले. शेवटच्या पानावर एथिक्स कमिटीच्या सचिवांचा नंबर होता, त्यावर फोनही केला. डॉक्टरांना राग येईल का अशी धाकधूक होती, पण फोन उचलणाऱ्या बाई अगदी शांतपणे बोलल्या. कमिटीत किमान सात माणसं लागतात, त्यात एक वकील किंवा कायदा जाणणारा आणि एक साधा नागरिक असावाच लागतो, आणि अध्यक्ष रुग्णालयाबाहेरचा असतो, हे त्यांनीच सांगितलं. "आप लोग फोन करते नहीं हैं, करना चाहिए," हेही.

जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात सही झाली. खोलीत कॅमेरा लावला होता. रेकॉर्डिंग खरं तर अगदी नव्या औषधी रेणूच्या ट्रायलमध्ये, तेही दुर्बल गटातल्या सहभागींसाठीच सक्तीचं आहे, म्हणजे आमच्यासाठी नव्हतं. पण इथल्या कमिटीने सगळ्यांचंच करायला सांगितलं होतं. का ते इंदूरकरांना समजावायला नको. डॉक्टरांनी पानामागून पान समजावलं, आईला उलट प्रश्न विचारले, तिचे प्रश्न ऐकले. तिने विचारलं, "मध्येच सोडलं तर?" केव्हाही सोडता येईल, कारण द्यावं लागणार नाही आणि नेहमीचे उपचार चालू राहतील. "संपल्यावर औषध कोण देणार?" चोवीस आठवड्यांनंतर कंपनी देणार नाही. हे उत्तर आवडलं नाही, पण आधी कळलं हे बरं झालं.

शेवटच्या पानावर नाव, पत्ता, जन्मतारीख, शिक्षण, व्यवसाय, वार्षिक उत्पन्न. आई वर्गाचा हजेरीपट भरावा तशी भरत गेली. मग नॉमिनीची ओळ आली आणि तिथे लिहिलं होतं: ट्रायलमुळे मृत्यू झाल्यास भरपाईसाठी. तिने पेन खाली ठेवलं.

"म्हणजे मी मरणार हे यांनी धरलेलंच आहे."

कोऑर्डिनेटर घाईघाईने म्हणाला, "आंटीजी, ये तो सबसे भरवाते हैं."

मी म्हटलं, "आई, एफडीला नॉमिनी घालतेसच ना?"

"तिथे मेले तरी पैसे माझेच असतात."

कॅमेरा चालूच होता. डॉक्टर हसले नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली आणि या औषधाने प्रतिकारशक्ती दबते, जंतुसंसर्ग वाढू शकतो, क्वचित गंभीर होऊ शकतो, हे पुन्हा एकदा सांगितलं. मग म्हणाले, सही आजच करायला हवी असं काही नाही. आईने थोडा वेळ कागद बघितला आणि माझं नाव लिहिलं. "तुझंच घालते. तुला फॉर्म भरायची सवय आहे."

भरपाईचं गणित नियमात दिलेलं आहे, ते मी करून बघितलं. आठ लाख गुणिले वयाचा आकडा गुणिले जोखमीचा आकडा, भागिले ९९.३७. वय पासष्टच्या पुढे असेल तर वयाचा आकडा ९९.३७ हाच असतो, म्हणजे तो उडतो आणि उरतात आठ लाख गुणिले जोखीम. जोखमीचा आकडा अर्ध्यापासून चारपर्यंत: आधीच शेवटच्या टप्प्यातला रुग्ण असेल तर अर्धा, धडधाकट स्वयंसेवक असेल तर चार. म्हणजे आईच्या वयाला चार लाखांपासून बत्तीस लाखांपर्यंत. तरुण माणसाला याहून बरंच जास्त. हे लिहिताना कसंतरी होतं, पण ज्या कागदावर सही करायची त्यातला आकडा माहीत असावा.

सही झाली म्हणजे ट्रायलमध्ये गेलो असं मुळीच नाही. मग स्क्रीनिंग. रक्ताच्या इतक्या नळ्या की आई म्हणाली, शिल्लक ठेवा थोडं. एक्स-रे, ईसीजी, हिपॅटायटिस बी आणि सी, एचआयव्ही, आणि टीबीसाठी इग्रा नावाची रक्ततपासणी. टीबीवर एवढा भर का, तर टीएनएफ (शरीरातलं सूज वाढवणारं एक प्रथिन) रोखणाऱ्या या औषधांमुळे शरीरात झोपलेला टीबी जागा होऊ शकतो, आणि आपल्याकडे तसा टीबी घेऊन हिंडणारे खूप. नमुने त्याच दिवशी मुंबईच्या लॅबला जात. एक नमुना वाटेत खराब झाला म्हणून पुन्हा रक्त द्यायला जावं लागलं. सगळं फुकट, पण उपाशीपोटी. सकाळी पोह्यांशिवाय घराबाहेर पडणं इंदूरकराला किती जड जातं ते इंदूरकरच जाणे. डब्यात पोहे घेऊन जा, रक्त दिल्याबरोबर तिथेच खा.

आमच्याबरोबर देवासहून येणाऱ्या एक काकू होत्या. त्यांची इग्रा पॉझिटिव्ह आली आणि त्या बाहेर. त्यांना वाटलं, टीबी झाला. तसं नसतं, जंतू कधीतरी शरीरात शिरला एवढाच त्याचा अर्थ, आजार आहे की नाही ते वेगळं बघतात. पण हे समजावून सांगायला त्या दिवशी कुणाला वेळ नव्हता, आणि मुलगा त्यांना रडतच घेऊन गेला. स्क्रीनिंगचे रिपोर्ट तुमचे आहेत, बाहेर पडलात तरी प्रती मागून घ्या आणि आपल्या डॉक्टरला दाखवा.

१७ फेब्रुवारी २०२४, शनिवार. पहिलं इंजेक्शन. कॉम्प्युटरने किट नंबर दिला. मूळ औषध की नवं, ते डॉक्टरांनाही माहीत नाही. दोन्हींच्या सिरिंज थोड्या वेगळ्या दिसतात म्हणून इंजेक्शन देणारी सिस्टर वेगळी, ती इतर कुठल्या कामात नाही, आणि देताना आईला मान वळवायला सांगायचे. पोटावर, बेंबीपासून जरा लांब, दर चौदा दिवसांनी.

सांधे तपासणाऱ्या डॉक्टर आणखी वेगळ्या. त्यांना आईचे रिपोर्ट बघायची परवानगी नव्हती आणि "औषधाने बरं वाटतंय" असं आईने त्यांना सांगायचंही नव्हतं. त्या अंगठ्याने एकेक सांधा दाबायच्या, स्वतःचं नख पांढरं पडेपर्यंत. तेवढाच दाब, ना कमी ना जास्त. खांदे, कोपरं, मनगटं, बोटांची पेरं, गुडघे, मिळून अठ्ठावीस. सुजलेले वेगळे, दुखरे वेगळे. आईने पाय पुढे केले. "पाय नहीं गिनते, आंटीजी." आईचं सगळ्यात जास्त पायच दुखायचे. अठ्ठावीस सांध्यांच्या या मोजणीत पावलं आणि घोटे नसतातच. तिने हे पुढच्या प्रत्येक वेळी ऐकवलं.

मग दहा सेंटिमीटरची एक आडवी रेघ, डावीकडे "अजिबात त्रास नाही", उजवीकडे "कमालीचा त्रास", आणि मध्ये कुठेतरी खूण करायची. आई दर वेळी मागची खूण कुठे होती ते विचारायची, ती दाखवत नसत. एका खूप लांबलचक प्रश्नावलीत मांडी घालून बसता येतं का असंही होतं, ते मात्र तिला पटलं.

चौथ्या इंजेक्शनची तारीख ३० मार्च निघाली. रंगपंचमी! त्या दिवशी राजवाड्याकडची गेर, म्हणजे रंग उधळत जाणारी मिरवणूक, निघते आणि अर्धं शहर बंद असतं, आमच्या सुदामानगरहून पलीकडे जायचं म्हणजे रंगात न्हाऊनच पोचायचं. वेळापत्रकात थोडे दिवस मागे-पुढे करायची मुभा असते, तिला विंडो म्हणतात. पहिल्याच दिवशी सगळ्या तारखा लिहून घ्या, सण आणि लग्नं तपासा आणि आधीच सांगा. आमचं दोन दिवस पुढे ढकललं.

प्रवासखर्चाचे प्रत्येक भेटीला सातशे रुपये मिळायचे होते, पत्रकात लिहिलेलं होतं. मिळाले, पण तीन-तीन महिन्यांचे एकत्र आणि दोनदा आठवण केल्यावर. पैसे मधल्या एका एजन्सीमार्फत येत होते आणि तिथे कुणी फोन उचलत नसे. आईचा रद्द केलेला चेक सुरुवातीलाच द्या आणि भेटींच्या तारखा स्वतःच्या वहीत लिहा. एका भेटीची नोंद त्यांच्याकडे नव्हती, माझ्याकडे होती.

मेपासून फरक दिसू लागला, आई स्वतः पोळ्या लाटू लागली. मग जुलैत, ऐन पावसाळ्यात, एका रात्री तिला थंडी वाजून ताप भरला. एकशे तीन. ट्रायलचं ओळखपत्र मी तिच्या पर्समध्ये ठेवलेलं होतं, त्यावर चोवीस तासांचा नंबर. डॉक्टरांनी दुसऱ्या रिंगला उचलला. जवळच्या नर्सिंग होममध्ये नेलं, आणि तिथल्या ड्युटीवरच्या मुलाला ट्रायलच्या डॉक्टरांनी फोनवरच सांगितलं की ही बाई प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधावर आहे, सकाळपर्यंत थांबू नकोस. लघवीचा संसर्ग निघाला. अँटिबायोटिक, सलाईन, काही दिवस भरती.

भरती व्हावं लागलं की ट्रायलच्या भाषेत ती गंभीर घटना ठरते, मग आजार कितीही ओळखीचा असो. डॉक्टरांना ती चोवीस तासांत औषध नियंत्रक, कंपनी आणि एथिक्स कमिटीला कळवावी लागते. पुढचं इंजेक्शन लांबवलं. संबंध नाही असं सिद्ध होईपर्यंत उपचाराचा खर्च कंपनीचा, असा नियम आहे, त्यामुळे नर्सिंग होमचं सोळा हजारांचं बिल आम्हाला परत मिळणार होतं. पण आधी भरायचं आम्हीच. डिस्चार्ज कार्ड, मूळ बिलं, औषधांच्या पावत्या, तपासण्यांचे रिपोर्ट, सगळं दिलं. प्रत्येक कागदाची झेरॉक्स काढून मगच दिलं, हे बँकेचं वळण. पैसे यायला ऑक्टोबर उजाडला. आईचा मेडिक्लेम असता तर मूळ बिलं दोन ठिकाणी देता आली नसती, तेव्हा कुठे द्यायची ते आधी ठरवा. आणि आजाऱ्याला घेऊन रात्री कुठेही जा, पण कार्डावरच्या नंबरला फोन आधी.

३ ऑगस्टला चोवीस आठवडे पुरे होत होते. शेवटची मोजणी झाली. सुरुवातीला दुखरे अकरा सांधे होते, आता तीन. पाय धरून किती, ते आईने स्वतः सांगितलं, कुणी लिहून घेतलं नाही. सप्टेंबरमध्ये तब्येतीची चौकशी करणारा एक शेवटचा फोन आला आणि ट्रायल संपली.

डॉक्टरांनी बाजारात मिळणारं बायोसिमिलर सुरू केलं, खर्च आता आमचा. भाऊ निम्मे पाठवतो. मामा अजून म्हणतो की फुकटची सवय लावली आणि सोडून दिलं. त्याचं सगळंच चूक आहे असं मला वाटत नाही. हा प्रश्न सहीच्या दिवशी आईने विचारला होता म्हणून पैशांची सोय आधीपासून करून ठेवता आली, एवढंच.

फाईल सांभाळून ठेवली आहे: संमतीपत्राची प्रत, ओळखपत्र, स्क्रीनिंगचे रिपोर्ट. पुढे कुठलाही डॉक्टर बदलला तरी त्याला लागतीलच. आई कोणत्या गटात होती ते अजून कळलेलं नाही. सगळ्या केंद्रांचं काम बंद झाल्यावर सांगू म्हणाले होते. जानेवारीत मी विचारलं तेव्हा "अभी नहीं, मैडम" असं उत्तर आलं. पुढच्या महिन्यात पुन्हा विचारीन.